मायाक्का यात्रा (चिंचली)

मायाक्का यात्रा : कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या रायबाग तालुक्यात, मिरज–लोंढा लोहमार्गावरील चिंचली येथे माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणारी देवीची यात्रा. कानडी मुलखात ही तिथी भारत हुण्णिमे म्हणून ओळखली जाते. देवीला मायव्वा असेही म्हणतात. भाविकांत धनगर व कुरुब (कानडी मेंढपाळ समाज) यांचा भरणा मोठा असून कोल्हापूर, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतूनही लोक येतात.

देवीच्या मूळस्थानाविषयी एकवाक्यता नाही. स्थानिक कथेनुसार कीला व किट्टा या दैत्यांचा पाठलाग करीत ती चिंचलीस आली, येथे तिने त्यांचा वध केला आणि येथेच राहिली. काही कथनांत ती कोकणातून, तर काहींत माणदेशातून येते. पैकी माणदेशाचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. पशुपालकांच्या दैवतांच्या स्थलांतरकथांत मेंढपाळांच्या चराईच्या वाटा व त्यांच्या वसाहती प्रतिबिंबित होतात, असे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांचे प्रतिपादन आहे. माणदेशाच्या कोरड्या माळांपासून कृष्णाकाठापर्यंतचा पट्टा त्यात चांगला बसतो. देवीला महाकालीचे रूप मानण्याची प्रथा रूढ असली, तरी ती बहुधा नंतरची असावी. धनगरी ओव्यांत आणि कुरुबांच्या डोळ्ळिन पदांत (ढोलाच्या साथीने गायच्या गीतांत) मायव्वा येते ती धनगर-कुरुबांचा देव बिरोबा (बीरप्पा) याला वाढवणारी थोरली बहीण म्हणून. बिरोबाची आई सुरावंती हिचे रानात टाकलेले मूल मायव्वाने सांभाळले, हा कथाभाग दोन्ही भाषांत थोड्याफार फरकाने सापडतो. गावात आधीपासून असलेल्या हिरीदेवीने मायाक्काला जागा दिली, म्हणून पहिला मान हिरीदेवीचा. आगंतुक देवतेने स्थानिक देवतेचे ज्येष्ठत्व मान्य करण्याचा हा प्रकार दख्खनमध्ये अन्यत्रही आढळतो.

यात्रेतील मुख्य आकर्षण धनगरी गजनृत्याचे. पांढरा पायघोळ झगा, डोक्याला फेटा, दोन्ही हातांत रंगीत रुमाल असा गज्यांचा (नाचणाऱ्यांचा) वेश असतो. ढोल गळ्यात अडकवून एका तोंडावर काठीने व दुसऱ्यावर हाताने वाजवतात. जोडीला झांज (कैताळ) व सनई. संथ लयीत रिंगण धरले जाते, मग ढोलकरी लय चढवतो तशी पावले जवळ पडू लागतात, रुमाल एकदम वर उसळतात. भंडाऱ्याने ढोलाचे कातडे, फेटे, घोंगडी सारे पिवळे होते. कुरुबांच्या डोळ्ळु कुणित या ढोलनृत्यात नाचणारेच ढोल वाजवतात. गजनृत्यात बहुतेक नाचणाऱ्यांचे हात रुमालांसाठी मोकळे असतात. दोहोंत जुने कोणते, हा वाद निष्फळ होय. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेतील गजी पथकांशी येथील नृत्याचे साम्य उघड आहे. ‘मायाक्काच्या नावानं चांगभलं’ हा गजर मराठी भाविकांचा.

नवस फेडणे, पालखी, पुरणपोळीचा नैवेद्य हे इतर यात्रांप्रमाणेच. मंदिर व त्याचे आवार येथे पशुबळी देण्यास कर्नाटकाच्या १९५९ च्या कायद्याने मनाई आहे.

रायबाग १९४९ पर्यंत कोल्हापूर संस्थानात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. यात्रेकरूंच्या वाटांवर याचा फारसा परिणाम झाल्याचे दिसत नाही. रेल्वे व बसची सोय असतानाही कोल्हापूर-सांगलीकडील काही कुटुंबे बैलगाड्या जुंपून, वाटेत मुक्काम करीत चिंचलीस येतात.