डेल्को, प्लग आणि रेडिओतली खरखर

घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आली की माझ्या रेडिओत निवेदकाच्या आवाजामागे एक बारीक शिट्टी सुरू व्हायची. ॲक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची. वागळे इस्टेटमधल्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट न उघडताच निदान केलं, "अल्टरनेटर आहे, साहेब. प्लगचं असतं तर खडखडलं असतं." अल्टरनेटर म्हणजे इंजिनाबरोबर फिरून गाडीसाठी वीज बनवणारं यंत्र, आणि प्लग म्हणजे ठिणगी पाडून इंजिनातलं पेट्रोल पेटवणारा भाग. खडखड आणि शिट्टी हे दोन वेगळे आजार आहेत, आणि त्यांतली खडखड फार जुनी.

किती जुनी? २९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल बेंझने मॅनहाइममधून आपल्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेट्रोलची वाफ पेटवायला त्याने बॅटरी आणि इंडक्शन कॉइल (विजेचा दाब ठिणगी पडेल इतका चढवणारं तारेचं वेटोळं) वापरून ठिणगी पाडली होती. त्याच वर्षी कार्लस्रूहला हाइनरिख हर्ट्झ इंडक्शन कॉइलने दोन गोळ्यांमध्ये ठिणग्या पाडत होता. त्यातून पुढच्या दोनेक वर्षांत त्याने रेडिओलहरी सिद्ध केल्या. दोन गावांत अंतर जेमतेम ठाणे–कर्जत इतकं. त्यावर कडी म्हणजे हर्ट्झ ज्या तंत्रशाळेत प्राध्यापक होता, तिथेच बेंझ शिकला होता. थोडक्यात, पेट्रोल गाडीचा प्लग हा आद्य रेडिओ ट्रान्समीटरचा सख्खा भाऊ. तो रेडिओत बोलतो यात नवल नाही, गप्प बसवता येतो याचं नवल.

मार्कोनीच्या काळात जहाजांवरची बिनतारी यंत्रं ठिणगीवरच चालत. पण ठिणगीला धरबंध नसतो. ती एका ठरावीक फ्रीक्वेन्सीवर न राहता पट्टाभर पसरते. म्हणून १९२७च्या वॉशिंग्टन परिषदेत असे ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. आणि गंमत पाहा, १९३०मध्ये शिकागोच्या गॅल्विन कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ 'मोटोरोला' नावाने बाजारात आणला. समुद्रावरून हाकललेली ठिणगी आता रेडिओपासून हातभर अंतरावर, बॉनेटखाली नांदू लागली. त्या काळी रेडिओ बसवणं म्हणजे अर्धी गाडी उघडणं. प्लगच्या वायरींत रेझिस्टर घालायचे, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) आणि डायनॅमोला (अल्टरनेटरच्या आधीचं वीज बनवणारं यंत्र) खरखर गिळणारे कंडेन्सर लावायचे, बॉनेट तारेने बॉडीला अर्थ करायचं.

डिस्ट्रिब्युटर हा शब्द मी लिहिण्यापुरता वापरला. ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या गॅरेजात त्याला 'डेल्को' म्हणतात. डेल्को ही चार्ल्स केटरिंगची १९०९ सालची अमेरिकन कंपनी; पॉइंट (कॉइलची वीज तोडून ठिणगी पाडणारा स्विच) आणि कॉइलची बॅटरी इग्निशन तिनेच रुळवली. कंपनीचं नाव इथे सुट्या भागाला कधी चिकटलं ते चिकटलं, आता निघत नाही.

आमच्या काकांच्या कुर्ल्यात बनलेल्या फियाटमध्ये रेडिओ मागाहून बसवलेला होता. नौपाड्याच्या गल्लीत तो लावताना मेकॅनिकने कॉइलवर अंगठ्याएवढा एक कंडेन्सर जोडला. आधी चुकून पॉइंटच्या बाजूला जोडला, तर गाडी स्टार्ट होईना. मग जीभ चावून त्याने तो बॅटरीकडून वायर येते त्या टोकावर घेतला. डायनॅमोवरही तसंच: कंडेन्सर मोठ्या टर्मिनलवर, फील्डच्या (आतल्या चुंबकाला वीज जाते त्या) टर्मिनलवर कधीच नाही. खडखड कोणाची हे ओळखायची त्याची रीतही साधी होती. इंजिन रेस करायचं आणि एकदम चावी बंद करायची. आवाज त्या क्षणी तुटला तर प्लग, इंजिन थांबेपर्यंत विरत गेला तर डायनॅमो.

हे सगळं मेकॅनिकवर का पडलं? कारण नियम झाले ते शेजाऱ्यासाठी. रेडिओतल्या अडथळ्यांवर १९३४ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय समिती बसली, ती पुढे 'सिस्पर' नावाने ओळखली गेली. १९६९मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मोटारींसाठीचा दहावा नियम आला. तुमच्या गाडीच्या ठिणगीने रस्त्याकडेच्या घरातला रेडिओ बिघडू नये, ही त्यामागची काळजी. तुमच्याच डॅशबोर्डमधला रेडिओ कसा वाजतो, हे ज्याचं त्याने बघावं. माझ्या मते गाडीच्या रेडिओची निम्मी रडकथा इथे सुरू होते. कार्बनच्या गाभ्याच्या प्लग वायरी आणि आतच पाचेक हजार ओहमचा रेझिस्टर असलेले प्लग सर्रास झाले, तेव्हा कुठे खडखड मावळली.

तिची जागा शिट्टीने घेतली. १९६०पासून अमेरिकन गाड्यांत डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर येऊ लागले, पुढे ते सगळीकडे पोचले. चार सिलिंडरच्या इंजिनात ३,००० आरपीएमला (मिनिटाला तितक्या फेऱ्या) सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. अल्टरनेटरचं गणित वेगळं. सहा जोड्या ध्रुवांचा, तीन फेजचा अल्टरनेटर एका फेरीत ३६ लहरी सोडतो. तो इंजिनाच्या दुपटीने फिरत असेल तर १,५०० आरपीएमलाच सेकंदाला १,८०० लहरी होतात. कानाला ती शिट्टीच. डिझेल ट्रकला प्लगच नसतो, तरी कळंबोलीच्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये हीच शिट्टी वाजते, ती त्यामुळे.

ठिणगीचा त्रास मुख्यतः मीडियम वेव्हला. तिथे आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो आणि ठिणगी नेमकी उंचीवरच घाव घालते. मालाडच्या आकाशवाणीच्या ट्रान्समीटरची ठाण्यात जरब आहे, म्हणून इथे इंजिन फारसं ऐकू येत नाही. कसाऱ्याकडे निघा, स्टेशन दुबळं होतं आणि खरखर डोकं वर काढते. एफएममध्ये उंची छाटूनच टाकतात, म्हणून तो वाचला. पण आता लायटरच्या सॉकेटमधले स्वस्त मोबाइल चार्जर त्यालाही सोडत नाहीत. आतला स्विच सेकंदाला हजारो वेळा उघड-बंद होतो, फिल्टरवर मात्र पैसे वाचवलेले असतात.

माझ्या शिट्टीचा उगम अल्टरनेटरमध्ये होता, पण वाट दुसरीच निघाली. ॲम्प्लिफायरची अर्थची वायर सीटखाली रंगावरच बोल्टने आवळलेली होती. इलेक्ट्रिशियनने पॉलिश पेपरने रुपयाएवढा रंग खरवडला, पत्रा चमकल्यावर बोल्ट परत कसला आणि गाडी रेस केली. शिट्टी नाही. आता कळव्याकडून ऐरोलीला जाताना उच्चदाबाच्या तारांखाली मीडियम वेव्हवर घरघर येते तेवढीच, आणि ती काही माझ्या गाडीची नाही.