गवतानं धरून ठेवलेले रूळ

१८३६ मध्ये उत्तर वेल्समध्ये फेस्टिनिओग रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे एकही इंजिन नव्हतं. वर डोंगरात छपरांवर घालायच्या स्लेट दगडाच्या खाणी, खाली पोर्थमाडोगचं बंदर आणि मधल्या सुमारे २२ किलोमीटरांत रुळांना सलग उतार. भरलेल्या वाघिणी आपल्याच वजनानं खाली उतरायच्या आणि ब्रेकवर माणसं बसलेली असायची. रिकाम्या वाघिणी वर ओढायला घोडे होते. वर पोचलेले घोडे उतरणाऱ्या गाडीच्या शेवटच्या वाघिणीत उभे राहून परत खाली यायचे. दोन रुळांमधलं अंतर (गेज) ५९७ मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहूनही किंचित कमी. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर ते १,४३५ मिलिमीटर असतं. रूळ जवळजवळ असले की गाडी डोंगराच्या कडेकडेनं तीव्र वळणं घेत जाऊ शकते. खोदकाम आणि भराव कमी लागतो, म्हणून खर्चही कमी. नॅरोगेजचा, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचा, जन्म या हिशेबातून झाला.

इतक्या अरुंद रुळांवर वाफेचं इंजिन चालवणं व्यवहार्य नाही, असं तेव्हा अनेक जाणकार मानत. रेल्वेचे व्यवस्थापक चार्ल्स स्पूनर यांच्या काळात, १८६३ मध्ये, फेस्टिनिओगवर इंजिनं आली आणि हा समज मोडला. त्यांतलं ‘प्रिन्स’ हे इंजिन आजही चालतं. १८६९ मध्ये रॉबर्ट फेअर्ली यांच्या रचनेचं दुतोंडी इंजिन आलं, ‘लिटल वंडर’. पुढच्या वर्षी त्याच्या चाचण्या पाहायला रशियापासून अभियंते आले. स्वस्तात डोंगर चढणारी रेल्वे जगभर हवीच होती. १८८१ मध्ये पूर्ण झालेली दार्जिलिंगची ६१० मिलिमीटरची रेल्वे याच लाटेतली.

पण जी रेल्वे एका खाणीसाठी किंवा एका खोऱ्यासाठी बांधली जाते, तिचं आयुष्य त्या खाणीला बांधलेलं असतं. विसाव्या शतकात छपरांसाठी स्लेटला पर्याय आले, रस्त्यावर मोटारी आणि ट्रक आले. आधीच जेमतेम चालणाऱ्या या रेल्वेंना तो धक्का पेलवला नाही. डेव्हनमधली लिंटन–बार्नस्टपल रेल्वे १९३५ मध्ये बंद झाली, तेव्हा तिचा लिलाव झाला आणि रूळ उखडले गेले. ‘ल्यू’ हे तिचं एक इंजिन ब्राझीलला रवाना झालं. पुढे त्याचा मागमूस लागला नाही. त्या काळी रेल्वे जतन करायची असते ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. जुनं इंजिन फार तर संग्रहालयात ठेवलं जाई. अख्खा मार्ग, त्याची स्टेशनं, कारखाना आणि माणसं यांच्यासकट चालू ठेवणं हा विचार पुढे टालिलिनमध्ये आला.

टालिलिन रेल्वे वेल्सच्या किनाऱ्यावरच्या टाउइन गावातून ब्रिन एग्लुइस खाणीकडे जाते. गेज ६८६ मिलिमीटर, सुरुवात १८६५ ची. १९११ मध्ये खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतली ती स्थानिक खासदार सर हेन्री हेडन जोन्स यांनी. खाण तोट्यात गेली, तरी आपण जिवंत आहोत तोवर गाडी चालेल, असा शब्द त्यांनी दिला होता. १९४६ च्या डिसेंबरमध्ये खाणीत पडझड होऊन ती बंद पडली, तरीही उन्हाळ्यात आठवड्यातून काही दिवस गाडी सुटत राहिली. १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वेंचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यातून ही रेल्वे बाहेर राहिली. आज असं वाटतं की तिला वाचवलं ते याच दुर्लक्षानं. सरकारच्या ताब्यात गेली असती, तर शेजारच्या कॉरिस रेल्वेसारखी तीही लगेच बंद झाली असती.

जुलै १९५० मध्ये सर हेडन वारले. शब्द पाळून झाला होता. टॉम रोल्ट हे तेव्हा चाळिशीतले अभियंते, ब्रिटनचे जुने कालवे वाचवण्याच्या चळवळीत मुरलेले. ऑक्टोबर १९५० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी बर्मिंगहॅममध्ये सभा बोलावली. हौशी लोकांनी मिळून एक रेल्वे चालवायची, असा बेत ठरला. सर हेडन यांच्या पत्नीनं मालकी सोपवण्याची तयारी दाखवली आणि १४ मे १९५१ ला नव्या व्यवस्थापनाखाली पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनी हाती घेऊन चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे.

त्या पहिल्या उन्हाळ्यात काय हाती आलं होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. दोन मूळ इंजिनांपैकी एक बंदच होतं. दुसरं, १८६६ चं ‘डोलगोख’, कसंबसं चालत होतं. रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजले होते आणि कित्येक ठिकाणी रूळ जागेवर धरून ठेवायला गवताच्या मुळांखेरीज फारसं काही उरलं नव्हतं. गवत उपटावं तर रूळ सरकतील, ठेवावं तर चाकं घसरतील. बंद पडलेल्या कॉरिसची दोन इंजिनं मिळाली, कारण दोन्ही रेल्वेंचं गेज योगायोगानं एकच होतं. त्यांतलं एक वरचेवर रुळांवरून उतरू लागलं. टालिलिनचे रूळ ठिकठिकाणी हवे त्यापेक्षा जास्त फाकलेले होते. टालिलिनच्या जुन्या इंजिनांच्या चाकांचे पट्टे रुंद असल्यानं त्यांचं निभत होतं. पाहुण्या इंजिनाचे पट्टे अरुंद, ते दोन रुळांच्या मधे खाली पडायचं. इंजिन वाचवायचं म्हणजे आधी मार्ग वाचवायचा, हा धडा तिथे मिळाला. पुढची अनेक वर्षं पैसा आणि घाम स्लीपर, खडी आणि पाण्याच्या चऱ्यांत गेला. प्रवाशाला त्यातलं काही दिसत नाही.

फेस्टिनिओगची सुटका वेगळ्याच कारणानं झाली. १९४६ मध्ये ती बंद पडली, पण भंगारात निघाली नाही, कारण १८३२ च्या ज्या कायद्यानं ती बांधली गेली, त्यात ती मोडण्याची तरतूदच नव्हती. मालकांनी सगळं आहे तसं सोडून दिलं. आठ वर्षं इंजिनं कारखान्यात गंजत उभी, मार्गावर झाडं उगवलेली. १९५४ मध्ये अॅलन पेग्लर या व्यावसायिकानं कंपनीचा ताबा मिळवला आणि १९५५ च्या जुलैमध्ये समुद्राच्या बांधावरून पहिली गाडी गेली. तोवर वरच्या टोकाला जलविद्युत प्रकल्पाचं काम ठरलं होतं आणि मार्गाचा एक तुकडा जलाशयाखाली जाणार होता. भरपाईचा दावा वर्षानुवर्षं चालला. स्वयंसेवकांनी निकालाची वाट पाहिली नाही. १९६५ पासून त्यांनी डोंगरात नवा मार्ग खोदायला घेतला. त्यात गाडी स्वतःच्याच रुळांवरून वळसा घेऊन वर चढते, असं एक वेटोळं आहे, आणि एक नवा बोगदाही. गाडी पुन्हा ब्लायनाय फेस्टिनिओगला पोचली ती १९८२ मध्ये. सतरा वर्षं सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन येणारी माणसं या मार्गाखाली आहेत, हे तिथून जाताना आठवायला हवं.

ही कल्पना मग इतरत्र पोचली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या ‘पफिंग बिली’ मार्गावर १९५३ मध्ये दरड कोसळली आणि तो बंद झाला. लोकांच्या आग्रहानं, सैन्याच्या मदतीनं दरडीला वळसा घालून तो १९६२ मध्ये पुन्हा सुरू झाला. अमेरिकेत कोलोराडो आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी मिळून १९७० मध्ये एक मार्ग विकतच घेतला. स्वित्झर्लंडमध्ये फुर्का खिंडीवरचा मार्ग बोगद्यामुळे १९८२ मध्ये निरुपयोगी ठरला. तो जिवंत करणाऱ्यांनी कित्येक दशकांपूर्वी व्हिएतनामला विकलेली मूळ इंजिनं १९९० मध्ये परत आणली. दार्जिलिंगची गोष्ट मात्र वेगळी. ती रेल्वे कधी हौशी मंडळींच्या हाती गेलीच नाही. भारतीय रेल्वेच ती चालवते, तिनधारियाच्या कारखान्यात इंजिनांची देखभाल होते आणि १९९९ मध्ये तिला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. २०१० च्या दरडींनी तुटलेला तिचा मार्ग पूर्ण जोडला जायला २०१५ चा डिसेंबर उजाडला.

सुरुवातीच्या पिढीला एक सोय होती. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर वाफेची इंजिनं १९६८ पर्यंत होती. निवृत्त ड्रायव्हर, बॉयलरवाले आणि फिटर हाताशी होते, भंगारातून सुटे भागही मिळत. ती माणसं गेली तसा जतनाचा अर्थ बदलला. बॉयलरची ठरावीक वर्षांनी पूर्ण उकल करून तपासणी होते, ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी. नळ्या बदलाव्या लागतात, जाळाच्या पेटीचे (फायरबॉक्सचे) पत्रे झिजतात. सकाळी गाडी सुटण्याआधी कित्येक तास हळूहळू जाळ करावा लागतो. घाईनं तापवलं तर तांबं आणि पोलाद वेगवेगळ्या मापानं फुगतात आणि सांधे गळू लागतात. हे हाताला कळायला वर्षं लागतात आणि ते शिकवणारा माणूस शेजारी उभा असावा लागतो.

इथे नॅरोगेजचा लहान आकारच कामी आला. इंजिन लहान म्हणून छोट्या क्रेननं उचलता येतं, साध्या कारखान्यात दुरुस्त होतं. दुसऱ्या रेल्वेचे डबे मात्र सहसा बसत नाहीत, म्हणून डबे बांधायची कलाही स्वतःच शिकावी लागते. फेस्टिनिओगच्या बॉस्टन लॉज कारखान्यानं तर १९७९ मध्ये एक दुतोंडी इंजिन नव्यानं बांधलं आणि त्यानंतरही बांधत राहिला. लिंटनच्या हरवलेल्या ‘ल्यू’च्या धर्तीवरचं ‘लिड’ हे इंजिनही तिथेच तयार झालं. जुन्यासारखंच नवं बांधलं तर त्याला जतन म्हणावं का, असा वाद घातला जातो. माझ्या मते इंजिन बांधता येणारे हात टिकले, तर जतन झालं.

वेल्श हायलँड रेल्वेचे रूळ महायुद्धात भंगारासाठी काढले गेले होते. १९९७ ते २०११ या काळात तिचे सुमारे ४० किलोमीटर पुन्हा घातले गेले. आज त्यावर दक्षिण आफ्रिकेतून आणलेली गॅरट जातीची वाफेची इंजिनं धावतात.

आताची अडचण कोळशाची आहे. वाफेच्या इंजिनांसाठी नावाजलेला कोळसा वेल्सचाच. तिथली फोस-इ-व्रान ही मोठी उघडी खाण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली. जतन केलेल्या मार्गांवर आता परदेशातून आलेला कोळसा आणि कोळशाच्या भुकटीपासून दाबून केलेल्या वड्या वापरून पाहिल्या जात आहेत. प्रत्येक कोळशाची राख, धूर आणि ज्योत वेगळी असते, त्यामुळे फायरमनना जाळ करायला पुन्हा नव्यानं शिकावं लागतं आहे.