ताप न येणारा फ्लू

फ्लू झाला की अंग मोडून येतं, ताप चढतो. यातलं बरंचसं विषाणूचं काम नसतं, ती आपल्याच प्रतिकारशक्तीची धावपळ असते. मूत्रपिंड, यकृत किंवा फुप्फुस बदललेल्या माणसात ही धावपळ मुद्दाम आवरून धरलेली असते. परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशा गोळ्या चालू असतात, बहुधा जन्मभर. त्या टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, लगाम घालतात. पण विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारणं हेही टी-पेशींचंच काम! म्हणून फ्लू, आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) किंवा करोना झाला तरी कधीकधी नुसतं नाक गळतं, थोडा थकवा येतो, कणकणही नसते. विषाणू मात्र कित्येक आठवडे मुक्काम ठोकतो आणि संधी मिळाली की छातीत उतरतो.

फुप्फुस बदललेल्यांची अडचण आणखी वेगळी. मूत्रपिंड शरीरात झाकलेलं असतं; फुप्फुसाला दर श्वासाला बाहेरची हवा लागते. त्यात शस्त्रक्रियेत त्याचे चेतातंतू तुटतात. श्वासनलिकेच्या जोडाखाली कफ साचला तरी खोकल्याची उबळ नीट येत नाही. संसर्ग ओसरला तरी सुटका झालीच असं नाही. विषाणूमुळे जागी झालेली प्रतिकारशक्ती नव्या फुप्फुसावरच उलटू शकते आणि बारीक श्वासनलिका हळूहळू अरुंद होत जातात. अनेकांना घरी छोट्या यंत्रात फुंकर मारून श्वासाच्या जोराचा आकडा टिपायला सांगतात तो यासाठीच. खोकल्याआधी आकडा घसरू शकतो.

लस घ्यायचीच, पण तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2021 मध्ये करोनाच्या एमआरएनए लशीचे दोन डोस घेतलेल्या, अवयव बदललेल्या 658 जणांचं रक्त तपासलं, तेव्हा 54 टक्क्यांमध्येच प्रतिपिंडं सापडली. निरोगी माणसांत ती जवळपास सगळ्यांत तयार होतात. त्यामुळे घरातल्या इतरांनी लस घेणं इथे नुसता शिष्टाचार उरत नाही. नाकात फवारायची जिवंत विषाणूची फ्लू लस मात्र रुग्णाला चालत नाही.

औषधांचीही गोम आहे. करोनावरच्या पॅक्सलोविडमधलं रिटोनाविर टॅक्रोलिमसचं विघटन करणारं विकरच अडवतं. रक्तातलं टॅक्रोलिमस कित्येक पटींनी वाढतं आणि मूत्रपिंडाला इजा होते. सर्दीवर मेडिकलमधून परस्पर आणलेली क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची गोळीही हाच उद्योग करते. ती विषाणूवर चालतच नाही, ते वेगळंच.