आंबिल ओढ्याच्या पुराची पार्श्वभूमी : ओढा, नाला आणि झाडांभोवतीची आळी

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकरांना नव्याने सांगायला नको. कात्रजच्या बाजूला ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, तलाव ओसंडले आणि कात्रजकडून येऊन मुठा नदीला मिळणारा आंबिल ओढा सीमाभिंती पाडत अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल असा सुसाटत गेला. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून दक्षिण पुण्यातल्या वस्त्यांमध्ये पावसाच्या पाण्याचं नियोजन आपणच करायचं, ओढ्याकाठी झाडं लावायची, अशी चळवळ उभी राहिली आहे. तिच्या मागण्या समजून घ्यायच्या, तर थोडं मागे जावं लागतं.

फार मागचं थोडक्यात. अठराव्या शतकाच्या मध्याला पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून नळाने शहरात पाणी आणलं. त्याच सुमारास पर्वतीपाशी आंबिल ओढ्याला बांध घालून तळं केलं आणि तोवर पेठांच्या जागेतून वाहणारा प्रवाह पश्चिमेकडे वळवला. तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. म्हणजे खालच्या टप्प्यातला आजचा ओढा मुळात माणसानेच वळवलेला आहे. हा इतिहास ओढा आता पुन्हा वळवावा म्हणणारे आणि त्याला विरोध करणारे, अशा दोन्ही बाजूंना सोयीचा पडतो. एक म्हणतो, तेव्हा वळवला तर आता का नको? दुसरा म्हणतो, तेव्हा वळवताना पाणी धरायला अख्खं तळं ठेवलं होतं. मला दुसरं म्हणणं पटतं.

त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे १२ जुलै १९६१ ची पानशेतची धरणफुटी. नदीकाठची घरं गेली आणि पूरग्रस्तांसाठी सहकारनगरच्या परिसरात सहकारी सोसायट्या वसवल्या गेल्या. शेताडीचा, माळरानाचा भाग होता. ओढा तेव्हा रुंद होता आणि घरं त्याच्यापासून अंतर राखून होती. मुठेच्या पुरातून उठून आलेल्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांनी २०१९ मध्ये ओढ्याचं पाणी खिडकीतून आत आलेलं पाहिलं. पहिला पूर धरण फुटून आला होता. दुसऱ्या वेळी फुटायला धरण नव्हतं; अठ्ठावन्न वर्षांत थोडी थोडी करून काढून घेतलेली ओढ्याची रुंदी होती.

आता 'ओढा' आणि 'नाला' या शब्दांकडे.

जुन्या माणसांच्या बोलण्यात हा 'ओढा' आहे. ओढ्याला काठ असतो, डोह असतो, वाळुंज आणि करंजाची झाडं असतात, आणि पावसाळ्यात तो पसरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. कार्यालयीन भाषेत मात्र तो 'नाला' झाला. नाला म्हटलं की डोळ्यांसमोर सांडपाणी, दुर्गंधी आणि जेसीबी येतो. तो साफ करायचा असतो, त्यातला गाळ काढायचा असतो, जमलं तर वरून स्लॅब टाकायचा असतो. शहर वाढलं तशी मैलापाण्याची वाहिनीही ओढ्याच्याच पात्रातून नेली, कारण उतार आयता मिळत होता. आज पात्राच्या मधोमध उभे दिसणारे काँक्रीटचे चेंबर तिचेच. पावसाळी पाणी आणि मैलापाणी एकाच खोबणीत आल्यावर लोकांच्या मनातही ओढा आणि गटार एक झालं.

हा घोळ फक्त बोलण्यातला असता तर एवढं लिहिलं नसतं. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत नदीपासून १५ मीटर आणि नाल्यासारख्या छोट्या प्रवाहापासून ९ मीटर अंतर सोडून बांधकाम करावं अशी तरतूद आहे. पण तिलाच जोडून एक सूट आहे. छोटा प्रवाह सखल जमिनीतून जात असेल आणि त्याला ठळक काठ नसतील, तर परवानगी घेऊन त्याला ठरावीक रेषेत आणि ठरावीक मापात बसवता येतं. कागदावर ही सूट वाजवी वाटते. ओढ्याच्या बाजूने पाहिलं की तिचा अर्थ उलटतो. सखल जागी ओढ्याला ठळक काठ नसतात, कारण तिथेच तो पसरून वेग कमी करतो. ओढ्याचं विसाव्याचं ठिकाणच नियमाच्या नजरेत त्याची बेशिस्त ठरतं.

शिवाय ९ मीटर कुठून मोजायचे? उन्हाळ्यातल्या पाण्याच्या धारेपासून, पावसाळ्यातल्या पाण्याच्या खुणेपासून, की नंतर बांधलेल्या भिंतीपासून? भिंत एकदा आत सरकली की पुढची मोजणी तिच्यापासून सुरू होते. आधी राडारोड्याच्या गाड्या रिकाम्या होतात. मग भरावावर पत्र्याची शेड येते, मग कंपाउंड, आणि चार वर्षांनी सगळे तिलाच नाल्याची हद्द म्हणू लागतात. गावनकाशात ओढा वेगळा असतो, विकास आराखड्यात वेगळा आणि जागेवर तिसराच. २०१९ नंतर लोकांनी या दोन्ही कागदांच्या प्रती हातात घेऊन काठाने चालायला सुरुवात केली, ती यासाठीच.

या वादाचं टोक २४ जून २०२१ ला दिसलं. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली घरं ओढ्याच्या कामासाठी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर पाडायला घेतली गेली. प्रशासनाचं म्हणणं, प्रवाह सरळ आणि मोकळा केल्याशिवाय पुराचा धोका टळणार नाही. रहिवाशांचं म्हणणं, ओढा सरळ करण्याच्या नावाखाली जागा मोकळी केली जातेय. त्याच दिवशी न्यायालयाने स्थगिती दिली. पुराची भीती खरी होती, हे मान्य करायला हवं. वस्ती अगदी काठावर होती. पण ओढा आक्रसला तो फक्त झोपड्यांमुळे नाही. वरच्या अंगाला पक्क्या इमारतींच्या भिंती, पार्किंग आणि रस्ते पात्रात शिरले होते, आणि कारवाईची सुरुवात झाली ती सगळ्यात गरीब घरांपासून. 'सरळीकरण' या शब्दालाही तेव्हापासून एक कडवट चव आहे. सरळ पात्रातून पाणी वेगाने पुढे जातं. पुढच्या पुलापाशी राहणाऱ्याला त्यात सुख नसतं.

आता झाडांकडे. नागरी भागातल्या झाडांसाठी राज्यात १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं स्थान मिळालं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. पण कायदा झाडं मोजतो, झाडाखालची जमीन मोजत नाही. राज्याच्या वृक्षलागवड मोहिमांचं उद्दिष्ट २०१६ मध्ये २ कोटी होतं, २०१९ मध्ये ते ३३ कोटींवर गेलं. त्याच २०१९ च्या पावसाळ्यात आंबिल ओढ्याने माणसं नेली. रोपं लावणाऱ्यांचा यात दोष नाही. झाड कुठे लावलं आणि त्याच्याखाली काय ठेवलं, हा प्रश्न उद्दिष्टाच्या आकड्यात बसत नाही, एवढंच.

पुण्याच्या टेकड्या बेसॉल्टच्या. वर मातीचा पातळ थर, खाली मुरूम, मग कातळ. पानांवर अडून राहणारं पाणी पहिल्या सरीला उपयोगी पडतं, पण तासभर कोसळणाऱ्या पावसात पानं भिजून संपतात आणि पुढचं काम मातीला करावं लागतं. मुळांनी सैल केलेली, पालापाचोळ्याने झाकलेली माती पाणी पिते. तुडवून टणक झालेली माती ते तसंच खाली सोडते. म्हणून तळजाई टेकडीच्या उतारावर झाडाइतकंच महत्त्व गवताला आणि उताराला आडव्या खणलेल्या समतल चरांना आहे. १९९७ साली शहरात आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टिकावं म्हणून नागरिक वर्षानुवर्षं भांडले आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने ते मान्य केलं. तेव्हा चर्चा हिरवाईची होती, पण डोंगरावरचं पाणी डोंगरावर थांबवणारी तीच शेवटची जागा होती.

खाली वस्तीत गोष्ट आणखी साधी आहे. आमच्या गल्लीतल्या करंजाला बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले होते. सालीत ब्लॉकची कड रुतून खाच पडली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात परवानगी काढून पहारीने ते उचलले. खाली बोटभर कच, त्याखाली राडारोडा, आणि त्याखाली वीतभर खोल गेल्यावर कुठे काळी माती लागली. भर मे महिन्यात ती ओलसर होती. बुंध्याभोवती हातभर रुंदीचं आळं, म्हणजे पाणी मुरायला मातीचा खळगा केला, रस्त्याच्या कडेचा दगड एका ठिकाणी फोडून पाण्याला आत यायला वाट दिली. पहिल्या मोठ्या पावसात तिथे पाणी गोल फिरत राहिलं आणि पाऊण तासात जिरलं. शेजारचे काका छत्री धरून ते बघत उभे होते. "इतकी वर्षं हे सगळं आपण खाली ओढ्याकाठच्या लोकांच्या घरात सोडत होतो," एवढंच ते म्हणाले.

झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असा राष्ट्रीय हरित लवादाचा, म्हणजे पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा, दिल्लीसाठीचा आदेश २०१३ चा आहे. इकडच्या अर्जांमध्येही त्याचा दाखला दिला जातो.

नियोजनात लोकांना शिरायला मिळालेली वाट म्हणजे नागरिकांच्या सहभागातून होणारं अंदाजपत्रक. पुण्यात ते २००६ पासून आहे. आपल्या भागातलं छोटं काम सुचवायचं, एका कामाला ५ लाखांपर्यंतची मर्यादा. सुरुवातीला पदपथ, बाक, दिवे आणि नेमके तेच पेव्हर ब्लॉक मागितले गेले, आम्हीही मागितले. आता तेच अर्ज ब्लॉक काढून आळी करण्यासाठी, बागेची पातळी रस्त्याच्या खाली घेऊन पावसाचं पाणी तिथे थांबवण्यासाठी जाऊ लागले आहेत. अडचण अशी की झाडं उद्यानाकडे, पावसाळी गटारं मलनिस्सारणाकडे आणि रस्त्याच्या कडेचा दगड पथ विभागाकडे. एका आळ्यासाठी तीन टेबलं फिरावी लागतात.

काठावरच्या लागवडीचाही वाद मिटलेला नाही. पात्रात झाडं असली की ती पाणी अडवतात, पुलाखाली ओंडके अडकतात, असं अभियंते म्हणतात. अरुंद पुलांच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे. वाळुंजासारखं लवचिक झाड पुरात वाकतं आणि मुळांनी काठ धरून ठेवतं, हेही तितकंच खरं. पण दोन्ही भिंतींमध्ये कोंबलेल्या आजच्या पात्रात वाळुंज लावायला जागाच नाही. म्हणून लोकांची पहिली मागणी झाडांची नाही, मोजणीची आहे : गावनकाशाप्रमाणे ओढ्याची मूळ रुंदी जागेवर खांब रोवून दाखवा. रोपं त्यानंतर लागतील.