नावाचा दणका आणि नावाची दहशत

रावण आणि श्रावण. उच्चारात फरक आहे तो फक्त सुरुवातीच्या 'श्'चा. एक नाव आपण दसऱ्याला जाळतो आणि दुसरं ऐकलं की सोमवारचा उपास, ब्रह्मगिरीची फेरी, हिरवेगार डोंगर आठवतात. कंस आणि हंस यांचंही तेच. काळ आणि बाळ यांचंही तेच. तरीही खलनायकाच्या नावाचा विषय निघाला की ठरलेला सल्ला मिळतो: कडक अक्षरं घ्या, ख-घ-ड-ढ घ्या, नाव ऐकताच धडकी भरली पाहिजे. मी नाशिकमध्ये मुलांची नाटकं बसवते. हा सल्ला पालकांकडून, शिक्षकांकडून, कधी कधी नवीन लेखकांकडूनही कानावर येतो, आणि तो मला मनापासून खटकतो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात.

एक म्हणजे नावाचा दणका. तो ध्वनीत असतो, गोष्ट माहीत नसली तरी कानाला जाणवतो. दुसरी म्हणजे नावाची दहशत. ती त्या नावाच्या माणसाने काय केलं, नावातल्या शब्दाचा अर्थ काय, ते कोणाच्या तोंडून कसं ऐकलं, यातून साचत जाते. गाजलेल्या बऱ्याच नावांत दोन्ही सापडतात आणि म्हणूनच ती एकच वाटतात.

आधी दणका. तळहात तोंडासमोर धरून 'ग' म्हणा, मग 'घ' म्हणा. दुसऱ्या वेळी श्वासाचा झोत हाताला लागतो आणि घशातली थरथरही सैल, खरखरीत होते. ढ, ध, भ यांचंही तसंच. आपल्या भाषेने हे फार पूर्वी हेरलंय: घडघडाट, ढमढम, धाडकन, भडका. उलट नाजूक आवाजांना किलबिल, रुणझुण, झुळझुळ. कुत्रं रागावलं की गुरगुरतं आणि त्याचंच पिल्लू कुईकुई करतं. 'उ' उच्चारताना आवाज खाली, खोल जातो आणि 'ई'ला वर, बारीक. मोठ्या देहाच्या प्राण्याचा आवाज खोल, लहानाचा बारीक, हा अनुभव माणसाच्या कानात मुरलेला आहे. जॉन ओहाला या ध्वनिशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात यावरूनच मांडणी केली की खालचा आवाज थोरपणा आणि दरारा सुचवतो, वरचा आवाज लहानपणा आणि शरणागती.

त्याच्या बऱ्याच आधी, १९२९ साली, एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने 'मिल' आणि 'माल' असे दोन बनावट शब्द घेऊन लोकांना विचारलं होतं की यातलं मोठं टेबल कोणतं. बहुतेकांनी 'माल'कडे बोट दाखवलं. 'बुबा' आणि 'किकी' हा प्रयोग तर आता प्रसिद्धच आहे. एक आकृती गोलसर आणि एक टोकेरी; बुबा कोणती, किकी कोणती? २५ भाषांच्या ९१७ भाषकांना हे शब्द ऐकवले तेव्हा सरासरी ७२ टक्के उत्तरं अपेक्षेप्रमाणे, म्हणजे बुबा गोलसर आणि किकी टोकेरी अशी, जुळली. हा अभ्यास २०२२ साली छापून आला. जपानमध्ये शिगेतो कावाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोकेमॉन या खेळातल्या काल्पनिक प्राण्यांच्या नावांचा अभ्यास केला, तर ज्या नावांत ग, द, ब, झ असे घोष वर्ण (उच्चारताना घसा थरथरतो ते) जास्त, ते प्राणी आकाराने आणि वजनाने मोठे निघाले.

या सगळ्यांत विचारलं काय होतं? मोठा की लहान, गोल की टोकेरी, जड की हलका. 'दुष्ट की सज्जन' हा प्रश्न यात कुठेच नाही. जपानीत घोष वर्णांना 'गढूळ ध्वनी' म्हणायची परंपरा आहे, त्यामुळे तिथे खलनायकाच्या नावांतही ते शोभून दिसतात. मराठीत मात्र आपल्याला प्राणापलीकडे प्रिय असलेल्या गोदावरीच्या नावात ग आणि द दोन्ही आहेत आणि त्यात कोणालाच काही गढूळ ऐकू येत नाही.

आपल्याकडच्या काव्यशास्त्राने हा भेद फार सूक्ष्म केला आहे. काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात, 'काव्यप्रकाशा'च्या आठव्या उल्लासात, कोणते वर्ण कोणता गुण सुचवतात हे सांगितलं. ओज, म्हणजे जोश, या गुणासाठी ट-वर्ग, श आणि ष, रेफाची म्हणजे 'र'ची जोडाक्षरं, द्वित्व, अल्पप्राणाला (क, ग असे वर्ण) जोडलेला महाप्राण (ख, घ असे वर्ण). माधुर्यासाठी ट-वर्ग सोडून इतर वर्ण, वर आपापल्या वर्गाचं अनुनासिक, आणि ऱ्हस्व स्वरातले र, ण. आता ओज कोणत्या रसांत असतो? वीर, बीभत्स आणि रौद्र. यादीत पहिला वीर आहे. म्हणजे कडक अक्षरांवर नायकाचा हक्क खलनायकाइतकाच आहे. शिवाय मम्मट बजावतो की हे गुण अक्षरांचे नव्हेतच, ते रसाचे. अक्षरं फक्त ते सुचवतात. त्याने दिलेला दाखला मला फार आवडतो: शौर्य माणसाच्या आत असतं, पण लोक धिप्पाड देह पाहून 'याचा आकारच शूर आहे' असं म्हणून मोकळे होतात. आपण दणकेबाज नाव ऐकून त्या माणसाला दुष्ट ठरवतो तेव्हा नेमकं हेच करत असतो.

ही कसोटी आपल्या ओळखीच्या नावांना लावून पाहा. विठ्ठल. ट-वर्ग आहे, ट् आणि ठ यांची जोडी आहे, ओजाची अक्षरं अगदी नियमाबरहुकूम, आणि महाराष्ट्राने याहून मायेने दुसरं नाव घेतलेलं नाही. खंडोबा, भैरोबा, भीम. घटोत्कच तर राक्षसीचा मुलगा, नावात घ, ट आणि जोडाक्षर, तरी पांडवांसाठी प्राण देणारा म्हणून आपला लाडका. आता दुसरी बाजू बघा. मंथरा. 'थ'च्या वर त्याच्याच वर्गाचा 'न', मग 'र': माधुर्याच्या यादीत चपखल बसणारं नाव, आणि रामाला चौदा वर्षं वनात धाडायची मसलत तिची. शकुनी, मारीच, कंस यांच्याही नावांत गडगडाट नाही. रावणात एकही कठोर व्यंजन नाही. त्याची सुरुवात तर रामासारखीच होते.

मग या नावांची भीती कुठून आली? इथे दहशतीचं काम सुरू होतं आणि ते ध्वनीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं आहे. कधी ती अर्थातून येते. तात्या विंचू या नावातलं 'तात्या' कोणाच्याही काकांचं असू शकतं; अंगावर काटा येतो तो 'विंचू' या प्राण्याच्या अनुभवाने. कवट्या महाकाळ म्हटलं की कवटी आणि काळ दोन्ही समोर उभे राहतात. त्यातला 'ळ' तोच आहे जो बाळात आहे. पण अर्थही शेवटचा शब्द नसतो. दुर्योधन म्हणजे ज्याच्याशी लढणं अवघड तो; खरं तर ही स्तुती आहे. दुर्गा म्हणजे जिच्यापर्यंत पोहोचणं अवघड ती. 'दुर्' तोच, अर्थाची घडण तीच. एक नाव ऐकलं की द्रौपदीची भरसभेतली विटंबना आठवते आणि दुसऱ्या नावाने नवरात्रात वणीचा गड जागा असतो. विभीषण म्हणजे भीती उत्पन्न करणारा, आणि राक्षसांत न्यायाच्या बाजूने उभा राहिलेला तोच. गोष्टीने एकदा ठरवलं की नावाचा आवाज आणि अर्थ दोघेही तिच्यामागून जातात.

परभाषेतल्या खलनायकांत हे फार स्वच्छ दिसतं. इंग्रजी वाचणाऱ्याला मॉरियार्टी, मॉर्ड्रेड, व्होल्डेमॉर्ट या नावांत एक काळी सावली जाणवते, कारण फ्रेंचमध्ये 'मॉर' म्हणजे मृत्यू आणि लॅटिनमधून आलेले त्या कुळातले शब्द इंग्रजीत जागोजागी आहेत. मराठी मुलाला याच आवाजातून आठवला तर मोर आठवेल. ध्वनीतला दणका बऱ्याच अंशी सरहद्द ओलांडतो. दहशतीला मात्र प्रत्येक भाषेत नव्याने घर करावं लागतं. उलट 'गब्बर' हा आपल्याकडे आधीपासून श्रीमंत, मातब्बर माणसासाठी असलेला शब्द. त्यातलं ब्ब ओजाचं खरं, पण पडद्यावरच्या डाकूने तो उचलला तेव्हाच त्यात भीती शिरली. 'मोगॅम्बो'तले गोल, भरीव आवाज प्रयोगातल्या 'बुबा'च्या बाजूचे, म्हणजे गोलाईचे, क्रौर्याचे नव्हेत.

आणि नाशिकचीच म्हणावी अशी शूर्पणखा. तपोवनात लक्ष्मणाने तिचं नाक कापलं ही कथा इथल्या लहान मुलालाही माहीत असते. शहराच्या नावाशीच लोक ती जोडतात. नावात श, र्प, ण, ख: दणका पुरेपूर. अर्थ सुपासारखी नखं असलेली: तोही भीतिदायक. गोष्टही तशीच. अशा नावांनीच आपला गोंधळ होतो. तिन्ही धागे एकाच दिशेने ओढत असतात, म्हणून श्रेय कोणाला द्यायचं हे कळत नाही, आणि आपण ते सगळं 'ख'ला देऊन टाकतो.

धागे सोडवायचे तर गोष्ट नसलेलं नाव घ्यावं लागतं. मागे तालमीत मी मुलांना मनाने बनवलेली दोन नावं दिली, घर्डोक आणि निमिली, आणि विचारलं, यातलं वाईट कोण? सगळे एका सुरात 'घर्डोक!' म्हणाले. का, असं विचारल्यावर पुढे बसलेली मुलगी म्हणाली, "ताई, तो केवढा मोठा असेल!" वाईट का, हे विचारलं होतं, उत्तर आलं मोठा. मग मी गोष्ट सांगितली. घर्डोक हा धरणावरचा म्हातारा राखणदार, रात्री पाणी चढलं की घरोघर जाऊन लोकांना उठवणारा. निमिली गोड बोलून मुलांचे आवाज चोरून नेते, मग ती मुलं आईला हाकसुद्धा मारू शकत नाहीत. तालीम संपायच्या आत घर्डोकचा 'घर्डोकबाबा' झाला होता, आणि एक मुलगा दुसऱ्याच्या कानाशी 'निमिली आली' असं हळूच म्हणून त्याला दचकवत होता. घर्डोकचा आकार मात्र कोणाच्या मनातून गेला नाही. चित्रं काढायला सांगितली तर सगळ्यांनी बाबा दारापेक्षा उंच काढला. दणका राहिला, दहशत दुसरीकडे गेली.

हा फरक कळणं मला तातडीचं वाटतं, त्याला कारण आहे. एकदा खलनायकासाठी नावं मागितली तेव्हा एका मुलाने एक जुनं, खडबडीत नाव सुचवलं आणि सगळे हसले. त्याच गटात सुरगाण्याकडून शिकायला आलेला एक मुलगा होता. ते त्याच्या आजोबांचं नाव होतं. तो काहीच बोलला नाही, मला नंतर कळलं. आपल्या खेड्यापाड्यांत दगडू, धोंडू, केरू, भिका अशी नावं पिढ्यान्‌पिढ्या ठेवली गेली. आधीची मुलं दगावलेली असत. वाचलेल्या लेकराला दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे ढुंकून पाहू नये, म्हणून आईबाप मुद्दाम नकोसं नाव ठेवत. आवाज कठोर, अर्थ हलका, आणि त्यामागे केवढी माया! 'कडक अक्षर म्हणजे वाईट माणूस' हे समीकरण मुलांच्या डोक्यात पक्कं झालं की ती पहिल्यांदा अशाच नावांना हसतात, मग दुसऱ्या बोलीला, मग ती बोलणाऱ्या माणसाला. खलनायकाला परक्या वळणाचं नाव देणं हा लेखनातला सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. माझ्या नाटकात मी तो कोणालाही घेऊ देत नाही.

लिहिणाऱ्याला हातातलं नाव दोन प्रकारे तपासता येतं. अर्थ बाजूला ठेवून फक्त आवाजाला जवळचं दुसरं नाव उच्चारून पाहावं, जसं कंसाच्या जागी हंस. भीती उडून गेली तर ती ध्वनीची नव्हतीच. मग तेच नाव एखाद्या प्रेमळ आजोबांना देऊन चार वाक्यं लिहावीत. तरीही काही शिल्लक राहिलं तर तो दणका, आणि तो आजोबांनाही शोभून दिसतो.

माझ्यापुरती मी कामाची वाटणी करून टाकली आहे. दहशतीसाठी नावावर विसंबायचं नाही. पहिल्या प्रवेशात खलनायकाचं नाव कोणी घेतच नाही, आधी आटवलेली विहीर दिसते, तोडलेलं झाड दिसतं, रडून थकलेलं पोर दिसतं, आणि मग कोणीतरी विचारतं, "कोणी केलं हे?" त्यानंतर येणारं कुठलंही नाव चालतं, अगदी बाळूसुद्धा. घ-ढ-भचा दणका मी राखून ठेवते तो रंगमंचावर ज्याला मोठं दिसायला हवं त्याच्यासाठी, मग तो राक्षस असो की राखणदार. आणि ती भूमिका करणारं पोर अंगाने किरकोळ असलं तर हमखास.