प्लॅटिनम कार्ड म्हणजे स्वीट पक्का? तसं नसतं

इंदूरच्या मराठी मंडळींत एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: हॉटेलचं प्लॅटिनम कार्ड दाखवलं की साध्या खोलीच्या पैशात स्वीट, म्हणजे बैठकीची जागा असलेली मोठी खोली, द्यावाच लागतो. नाही दिला तर मॅनेजरला बोलवा.

नियम तसं म्हणत नाही. मॅरियट बॉनव्हॉयचंच घ्या, म्हणजे मॅरियट हॉटेलांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठीच्या सदस्य योजनेचं. वर्षाला २५ रात्रींवर मिळणाऱ्या गोल्ड दर्जाच्या अपग्रेडमध्ये, म्हणजे त्याच पैशात मिळणाऱ्या वरच्या खोलीत, स्वीट धरलेलाच नाही. जरा बरी खोली, जमलं तर वरचा मजला. ५० रात्रींच्या प्लॅटिनमला निवडक स्वीट मिळू शकतात, पण तुम्ही पोहोचाल तेव्हा शिल्लक असले तरच. आणि शिल्लक म्हणजे पूर्ण मुक्कामभर शिल्लक, एका रात्रीपुरता नव्हे. लग्नसराईत विजयनगरच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात तीन रात्रींसाठी मागून पाहा: एक स्वीट नवरीकडे, दुसरा मुलाच्या मामांकडे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? काउंटरवरच्या पोराशी हुज्जत घालून काय उपयोग!

आधीच खात्री हवी असेल तर हयात या दुसऱ्या हॉटेल साखळीचे स्वीट अपग्रेड अवॉर्ड (सदस्यांना मिळणारी अपग्रेडची कुपनंच म्हणा) बरे, जागा असली तर बुकिंगच्या वेळीच पक्के होतात. मॅरियटच्या अशाच नाइटली अपग्रेड अवॉर्डचा निकाल तुम्ही हॉटेलात पोहोचण्याच्या पाच दिवस आधीपासून लागू लागतो.

ट्रॅव्हल साइटवरून स्वस्तात बुकिंग केलंत, तर यातलं बहुतेक विसराच.

माझ्या मते प्लॅटिनमचा खरा फायदा दुपारी ४ पर्यंतचं चेकआउट. रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन (मोठ्या परिषदांची) हॉटेलं सोडली, तर ते हक्कानं मागता येतं.