गृहाधारित ऑनलाइन विशेष शिक्षण

अपंगत्वामुळे किंवा विकासातल्या अडचणींमुळे ज्या मुलाला रोज शाळेत जाणं झेपत नाही, त्याला फक्त त्याच्यासाठी बनवलेला आराखडा धरून घरीच शिकवायचं, आणि विशेष शिक्षकाने व्हिडिओ कॉलवरून त्यात सामील व्हायचं, अशी ही पद्धत. सरकारी कागदात ‘गृहाधारित शिक्षण’ हा शब्द येतो, शाळेत ‘होम बेस्ड’ म्हणतात, पालक नुसतं ‘सेशन’ म्हणतात. होमस्कूलिंग हे वेगळं प्रकरण आहे, तिथे आईवडील स्वतःच शाळा नको म्हणतात आणि काय शिकवायचं तेही तेच ठरवतात, इथे मूल कुठल्या तरी शाळेच्या किंवा मुक्त विद्यालयाच्या पटावर असतं आणि आराखडा विशेष शिक्षक ठरवतो, निदान कागदावर तरी. क्लासवाल्या अ‍ॅपवर ‘पर्सनलाइज्ड’ लिहिलेलं असतं ते या नोंदीत धरलेलं नाही, त्यात पुढचा प्रश्न सोपा द्यायचा की अवघड एवढंच सॉफ्टवेअर ठरवत असतं.

उगम : याची सुरुवात नक्की कुठून धरायची यावर एकमत नाही. विशेष शिक्षणाचे इतिहासकार बहुतेक पॅरिसपासून सुरू करतात. आवेरोंच्या जंगलात सापडलेला, बोलता न येणारा मुलगा १८०० साली पॅरिसला आणला गेला, त्याचं नाव पुढे व्हिक्टर पडलं, आणि इतार या तरुण डॉक्टरने त्याला साधारण पाच वर्षं एकट्याला शिकवलं. इतारचे अहवाल १८०१ आणि १८०६ चे आहेत. मुलगा राहायचा मात्र मादाम गेरँ या बाईंच्या हाताखाली, म्हणजे जेवणखाण, कपडे, फिरायला नेणं हे सगळं त्यांच्याकडे. इतारला हवं होतं की व्हिक्टरने दूध मागण्यासाठी ‘ले’ म्हणजे दूध हा शब्द वापरावा. व्हिक्टर शब्द म्हणाला, पण दूध पेल्यात पडल्यावर, आनंदाने म्हणाला, मागण्यासाठी नाही, आणि इतार निराश झाला. आज स्पीच थेरपिस्ट ज्याला मागणी शिकवणं म्हणतात तो धडा बरोबर इथेच अडलेला दिसतो. इतारचं काम त्याचा शिष्य सेगँने पुढे नेलं, त्या दोघांकडून इटलीच्या मारिया माँटेसोरीने घेतलं, माँटेसोरीचं भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्याकडे आलं आणि ताराबाई व अनुताई वाघ यांच्याबरोबर बोर्डी-कोसबाडला पोचलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवायची ही कोसबाडची कल्पना विशेष शिक्षणाच्या इतिहासात कोणी घेत नाही, पण मूल येत नसेल तर शाळेने त्याच्याकडे जायचं हे तिथे झालेलंच होतं.

दुसरा पक्ष दूरशिक्षणाकडून येतो. अमेरिकेत बाल्टिमोरच्या काल्व्हर्ट शाळेने १९०६ मध्ये घरी शिकणाऱ्या मुलांना पोस्टाने पाठ पाठवायला सुरुवात केली, ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून १९५१ मध्ये रेडिओवरची शाळा सुरू झाली, आणि १९९७ मध्ये फ्लोरिडा राज्याची इंटरनेटवरची सार्वजनिक शाळा निघाली. आजच्या ऑनलाइन शाळांचं घराणं हेच, यात वाद नाही. पण यातली एकही सोय मुळात अपंग मुलांसाठी केलेली नव्हती. अंतर ही अडचण होती आणि एकच पाठ सगळ्यांना जात होता.

दोन्हीपेक्षा जवळचा पूर्वज म्हणजे पोर्टेज. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाचं लहान गाव आहे, आजूबाजूला शेतीचा विरळ वस्तीचा मुलूख, तिथे १९६९ मध्ये शाळेआधीच्या वयाच्या अपंग मुलांसाठी योजना निघाली. मुलं इतकी पांगलेली की वर्ग भरवणं शक्य नाही, म्हणून शिक्षक आठवड्यातून एकदा घरी जायचा, आईबरोबर बसून पुढच्या आठवड्याचं एक-दोन गोष्टींचं काम ठरवायचा, ते करून दाखवायचा, मग आईकडून करून घ्यायचा, आणि नोंदीचा कागद भिंतीवर लावून निघायचा. रोजची शिकवणारी आई. १९७६ च्या आवृत्तीत जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची ५८० कौशल्यं कार्डांवर मांडलेली आहेत. इंग्लंडमध्ये ही पद्धत त्याच सुमारास गेली, भारतात चंदीगडला तेहल कोहली यांनी ती इथल्या घरांना बेतून वापरली. आज व्हिडिओ कॉलवर जे चालतं ते पाहिलं तर पोर्टेजच्या शिक्षकाच्या जागी स्क्रीन आली एवढाच फरक दिसतो, त्यामुळे हाच धागा जास्त पटणारा वाटतो.

‘वैयक्तिक आराखडा’ या शब्दाचा उगम त्या मानाने नीट सांगता येतो. प्रत्येक मुलाची गती वेगळी धरून शिकवण्याचे प्रयोग १९१९ पासून अमेरिकेतल्या विनेट्का गावच्या शाळांत झाले, पण ते सर्वसाधारण मुलांसाठी. अपंग मुलासाठी लेखी आराखडा हा कायदेशीर हक्क झाला तो १९७५ च्या अमेरिकन कायद्याने. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी २९ नोव्हेंबर १९७५ ला त्यावर सही केली, १९९० मध्ये त्याचं नाव बदललं आणि तो ‘आयडिया’ या लघुनावाने ओळखला जाऊ लागला. त्यातला आयईपी हाच शब्द पुढे जगभर गेला आणि मराठी शाळांतही तो ‘आयईपी’च राहिला, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा असं फक्त फाइलीवर लिहितात. त्या कायद्याच्या नियमांत मुलाने कुठे शिकावं याची एक उतरंड आहे : नेहमीचा वर्ग, विशेष वर्ग, विशेष शाळा, मग घर, मग हॉस्पिटल किंवा संस्था. घर चौथ्या पायरीवर. म्हणजे घरी शिकवणं हा मुलाला इतरांपासून बराच दूर ठेवणारा पर्याय मानला आहे आणि तो का निवडला हे कागदावर लिहावं लागतं. आपल्याकडे ही उतरंड कोणी फारशी वाचत नाही.

आराखडा : मुलाची सध्याची पातळी, वर्षाचं उद्दिष्ट, तीन महिन्यांची छोटी उद्दिष्टं, कोण किती वेळ शिकवणार आणि कशाने मोजणार, एवढं त्यात हवं. पातळी काढायला भारतात दोन याद्या जास्त चालतात. एक मद्रासची एमडीपीएस, कौशल्यांची १८ क्षेत्रं आणि प्रत्येकात २० म्हणजे ३६० बाबी. दुसरी सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी, ही संस्था १९८४ ची, तिचं आताचं नाव एनआयईपीआयडी. एफएसीपीत यादीतलं ८० टक्के आलं की मूल पुढच्या गटात जातं.

‘हात धुवायला शिकेल’ हे उद्दिष्ट होत नाही. ‘जेवणाआधी एकदा सांगितल्यावर, ५ पैकी ४ वेळा, सगळ्या पायऱ्या स्वतः करेल’ हे उद्दिष्ट. पायऱ्या म्हणजे नळ सोडणं, हात ओले करणं, साबण घेणं, तळहात चोळणं, मागची बाजू चोळणं, धुणं, नळ बंद करणं, पुसणं. बरेचदा शेवटची पायरी आधी शिकवतात, आई हात धरून बाकी सगळं करून घेते आणि नॅपकिनला हात पुसणं तेवढं मुलाकडे, म्हणजे काम संपल्याची शाबासकी त्याच्या वाट्याला येते. ऑनलाइनमध्ये गाडी इथे अडते, कारण शिक्षिकेला मोरी दिसायला हवी आणि वायफाय हॉलच्या पुढे जात नाही, मग आई मोबाइल डेटा चालू करून फोन साबणाच्या फळीवर टेकवते, कॅमेऱ्यात नळ येतो मुलगा येत नाही, आणि पलीकडून आवाज येतो, ‘ताई, मनगट नका धरू, कोपराला हात लावा नुसता.’ मनगटावरून कोपरावर आणि कोपरावरून नुसत्या बोटाच्या खुणेवर येणं हीच त्या महिन्याची प्रगती असते. घरी शिकवण्याचा मोठा फायदाही इथेच आहे. शाळेत नळाखाली हात धुवायला शिकलेलं मूल घरी बादली-तांब्यापुढे गोंधळतं, घरी शिकलेल्याला ती अडचण येत नाही.

म्हणजे स्क्रीनसमोर मूल बसलेलं असणं गरजेचं नाही, कित्येकदा आईच बसलेली असते आणि शिकते. लहान वयाच्या, किंवा तीव्र स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलाला पाऊण तास स्क्रीनकडे बघायला लावणं म्हणजे वेळ घालवणं. अक्षरओळख, गणित, अध्ययन अक्षमता असलेल्या मोठ्या मुलाचं वाचन हे मात्र थेट ऑनलाइन बरं जमतं. आराखडे कॉपी-पेस्ट करण्याची खोड जुनी आहे, मी पाहिलेल्या एका आराखड्यात तिसऱ्या पानापासून मुलाचं नाव बदललं होतं आणि मुलगा मुलगी झाला होता, पालकांची सही सगळ्या पानांवर होती.

भारतातली कायदेशीर बाजू : शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला तेव्हा त्यात घरच्या शिक्षणाचा उल्लेख नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३ मध्ये तो आला, तोही दोन गटांपुरता : बहुविकलांग मुलं, आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या व्याख्येतलं तीव्र अपंगत्व, म्हणजे ८० टक्के किंवा जास्त. शब्दरचना अशी आहे की अशा मुलाला घरी शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्कही असेल. निवडणार मूल, म्हणजे पालक, शाळा नव्हे. प्रत्यक्षात शाळाच ‘तुम्ही होम बेस्ड घ्या ना, त्याला त्रास नको’ असं सुचवते अशी तक्रार पालक आणि अपंग हक्क चळवळीतली मंडळी सुरुवातीपासून करत आली आहेत आणि ती खोटी म्हणता येत नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, कलम १६ मध्ये गरजेप्रमाणे वैयक्तिक आधार देण्याची गोष्ट आहे, पण कायद्याचा सगळा रोख सर्वांबरोबर एका शाळेत शिकण्याकडे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीव्र अपंगत्वाच्या मुलांसाठी घरचा पर्याय कायम ठेवून त्याची तपासणी व्हावी असं म्हटलं आहे. आयईपीला मात्र अमेरिकेत आहे तसं कायदेशीर वजन इथे नाही, तो केला नाही म्हणून कोर्टात जायची सोय जवळपास नाही.

खर्च समग्र शिक्षा योजनेतून होतो, २०१८ पासून एका मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये हा ठरलेला आकडा, त्यात साधनांपासून थेरपीपर्यंत सगळं आलं. महाराष्ट्रात या योजनेतले विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटी राहिले, एकेकाकडे बऱ्याच शाळा आणि वर घरभेटी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला १० अपंग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे १५ मागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं.

ऑनलाइन टप्पा : मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि घरभेटीही. राज्याच्या ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमात फोनवर रोजचा अभ्यास येऊ लागला, केंद्राच्या पीएम ई-विद्या मध्ये दृष्टिहीनांसाठी ऐकता येणारी डेझी पुस्तकं आणि कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेतले पाठ आले, जून २०२१ मध्ये अपंग मुलांसाठी ई-साहित्य कसं असावं याची केंद्रीय मार्गदर्शक सूत्रं निघाली. हे सगळं सर्वांना एकच जाणारं साहित्य होतं. एकेका मुलापुरतं काम विशेष शाळांच्या बाईंनी केलं, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांचा व्हिडिओ, आईकडून उलट व्हिडिओ, तोही वडील संध्याकाळी फोन घेऊन घरी आल्यावर.

साधनं : न बोलणाऱ्या मुलासाठी चित्रावर बोट ठेवलं की बोलणारी अ‍ॅप्स आहेत, चेन्नईचं आवाज आणि आयआयटी मुंबईचं जेलो ही दोन्ही मराठीत चालतात. मराठीची अडचण अशी की इंग्रजीत ‘वाँट’साठी एक चित्र पुरतं, मराठीत चहा हवा, पोळी हवी, पाणी हवं. ‘पाहिजे’ हा शब्द घेतला की लिंगाचा प्रश्न सुटतो, म्हणून अनुभवी शिक्षक तोच घेतात. ‘मी जातो’ की ‘मी जाते’ हे मात्र मुलानुसार बदलून घ्यावंच लागतं. परदेशातल्या मराठी घरांना ‘घरी एकच भाषा बोला’ असा सल्ला पूर्वी सर्रास मिळायचा, दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं याला अभ्यासांचा आधार मिळालेला नाही, पण सल्ला अजून ऐकू येतो, आणि मग आजीशी बोलायला मुलाकडे भाषाच उरत नाही.

परीक्षा : दहावी करू शकणारी मुलं बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे जातात. नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, पाच विषय घ्यावे लागतात आणि एकेक करून सोडवता येतात. त्याखालची पातळी असेल तर मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क हे तीन स्तर. लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ ही केंद्राच्या नियमातली सवलत इथेही लागू होते. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, म्हणून जाणते पालक दोन महिने आधीपासून मुलाला त्या इमारतीत नुसतं हिंडवून आणतात, बाकावर बसवतात, पाण्याची टाकी आणि टॉयलेट दाखवून ठेवतात, आणि लेखनिकाला एकदोनदा घरी चहाला बोलावतात.